मत नसलेल्यांचा प्रचार : न्यू हॅम्पशायर, १९६८

१/
मार्च १९६८. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील न्यू हॅम्पशायर हे चिमुकले राज्य अजून बर्फात होते. गावोगावच्या दारांवर विशीच्या आतबाहेरची मुले-मुली थाप देत होती. मुलांनी दाढ्या उतरवल्या होत्या, केस कापले होते; मुलींनी साधे, नीटनेटके कपडे घातले होते. एका उमेदवाराला मत द्या, अशी त्यांची विनंती होती. त्या निवडणुकीत स्वतः मत देऊ शकेल असा त्यांच्यात क्वचितच कोणी होता.

२/
बहुतेक जण परराज्यांतून आलेले होते, त्यामुळे तिथल्या मतदारयादीत त्यांचे नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्यापैकी अनेकांना तर देशात कुठेही मत नव्हते, कारण वयाची एकवीस वर्षे पूर्ण झालेली नव्हती. तरीही मतदानानंतर एकोणीस दिवसांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने पुन्हा निवडणूक न लढवण्याची घोषणा केली. हा धागा त्या स्वयंसेवकांविषयी आहे : त्यांनी काय केले, काय साधले आणि काय साधले नाही.

३/
आधी वयाचा प्रश्न. अमेरिकेत मतदानाचे वय राज्ये ठरवीत. १९६८ मध्ये जॉर्जिया व केंटकीत ते १८, अलास्कात १९ आणि हवाईत २० होते. बाकी सर्वत्र २१. सक्तीच्या लष्करभरतीचे वय मात्र दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्येच, १८ वर आणले गेले होते. 'लढायला पुरेसा मोठा, तर मत द्यायलाही पुरेसा मोठा' ही घोषणा त्याच काळातली. ती पाव शतक दिली जात होती. कायदा जागचा हलला नव्हता.

४/
१९६८ च्या आरंभी व्हिएतनाममध्ये सुमारे पाच लाख अमेरिकी सैनिक होते. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांना भरतीतून सवलत मिळे. त्यामुळे युद्धाचा भार मुख्यतः कामगारांच्या, गरिबांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या मुलांवर पडे. फेब्रुवारी १९६८ मध्ये सरकारने बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांची सवलत काढून घेण्याचे जाहीर केले. वर्तमानपत्रातले युद्ध आता वसतिगृहाच्या दारापर्यंत आले.

५/
राष्ट्राध्यक्ष होते लिंडन जॉन्सन. १९६४ ची निवडणूक त्यांनी ६१ टक्के मते घेऊन जिंकली होती. नागरी हक्कांचे मोठे कायदे त्यांच्याच कारकिर्दीत झाले. अशा पदारूढ राष्ट्राध्यक्षाला त्याच्याच डेमोक्रॅटिक पक्षातून आव्हान देणे म्हणजे राजकीय आत्मघात, असे जाणकार मानीत. ॲलर्ड लोवेनस्टाईन या चळवळ्या वकिलाने १९६७ भर असा उमेदवार शोधला. रॉबर्ट केनेडींनी नकार दिला. जॉर्ज मॅकगव्हर्न यांनीही नकार दिला.

६/
अखेर होकार दिला तो मिनेसोटाचे सिनेटर युजीन मॅकार्थी यांनी. पन्नाशीच्या दशकात कम्युनिस्टांच्या शोधाने देशाला वेठीस धरणारे जोसेफ मॅकार्थी ते हे नव्हेत. युजीन हे पूर्वाश्रमीचे प्राध्यापक, कवितेत रमणारे, संथ आणि काहीसे तुटक बोलणारे. ३० नोव्हेंबर १९६७ रोजी उमेदवारी जाहीर करताना त्यांनी युद्धाबरोबर आणखी एक मुद्दा मांडला. राजकारणातून काही बदलत नाही ही लोकांची, विशेषतः तरुणांची, असहायतेची भावना या आव्हानामुळे थोडी कमी होईल, अशी त्यांना आशा होती.

७/
पत्रकारांनी त्यांना फारसे मनावर घेतले नाही. पैसा कमी, संघटना जवळजवळ नाही आणि उमेदवाराच्या भाषणांत आवेश नाही. पण न्यू हॅम्पशायरमधले दोन तरुण, डेव्हिड होह आणि जेरी स्टड्स, त्यांच्या मागे लागले होते. स्टड्स तिथल्या एका शाळेत शिक्षक होते. आमच्या राज्यातून लढत सुरू करा, हा त्यांचा आग्रह होता. जानेवारीच्या सुरुवातीला मॅकार्थींनी तो मान्य केला.

८/
न्यू हॅम्पशायरच का? अमेरिकेत पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार राष्ट्रीय महाअधिवेशनात प्रतिनिधींच्या मतांनी ठरतो. काही राज्यांत हे प्रतिनिधी पक्षाचे नोंदणीकृत मतदार निवडत; त्या निवडणुकीला प्रायमरी म्हणतात. १९२० पासून देशातली पहिली प्रायमरी न्यू हॅम्पशायरमध्ये होई. प्रतिनिधी अवघे चोवीस, पण साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांचे आणि कॅमेऱ्यांचे लक्ष तिथे लागलेले.

९/
युद्धविरोधकांसाठी ही भूमी मुळीच अनुकूल नव्हती. मँचेस्टर हे राज्यातले सर्वांत मोठे शहर. तिथल्या डेमोक्रॅटिक मतदारांत फ्रेंच-कॅनेडियन वंशाचे कॅथलिक कामगार मोठ्या संख्येने होते. कापडगिरण्यांचे वैभव केव्हाच ओसरले होते. 'युनियन लीडर' हे तिथले प्रभावी दैनिक कडवे उजव्या विचारांचे होते. देशासाठी लढणे हे कर्तव्य मानणाऱ्या या समाजाला युद्धविरोधी विद्यार्थी म्हणजे लाडावलेली, केस वाढवलेली पोरे वाटत.

१०/
३० जानेवारीच्या सुमारास व्हिएतनाममध्ये टेट या चांद्र नववर्षाच्या सणात कम्युनिस्ट फौजांनी दक्षिणेतील शंभराहून अधिक शहरांवर व गावांवर एकाच वेळी हल्ले चढवले. सायगावमधील अमेरिकी दूतावासाच्या आवारातही ते शिरले. लष्करीदृष्ट्या हा हल्ला परतवला गेला. पण विजय दृष्टिपथात आहे, हे सरकारी आश्वासन लोकांनी महिनोन्‌महिने ऐकले होते, आणि आता दूतावासातली चकमक ते घरबसल्या दूरचित्रवाणीवर पाहत होते.

११/
याच सुमारास विद्यार्थी येऊ लागले. शनिवार-रविवारी बॉस्टन, न्यू हेवन, न्यू यॉर्क येथून बसगाड्या भरून येत. काहींनी शिक्षण अर्धवट ठेवून मुक्कामच ठोकला. या लोंढ्याला वळण लावण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत सॅम ब्राऊन हा हार्वर्डमध्ये धर्मशास्त्र शिकणारा चोविशीचा तरुण प्रमुख होता. शेवटच्या आठवड्यांत स्वयंसेवकांची संख्या हजारोंवर गेली. ते समर्थकांच्या घरी, चर्चच्या तळघरांत, जमिनीवर पथाऱ्या पसरून झोपत.

१२/
मोहिमेचा एक अलिखित नियम लवकरच घोषवाक्य बनला : 'क्लीन फॉर जीन'. जीन हे युजीनचे लघुरूप. जीनसाठी स्वच्छ व्हा, म्हणजे दाढी करा, केस कापा, नीट कपडे घाला. ज्यांना दाढी सोडवत नव्हती, त्यांना परत पाठवले जात नसे. त्यांना कार्यालयाच्या मागच्या खोलीत पाकिटे भरण्याचे, पत्ते लिहिण्याचे काम मिळे. दारावर मात्र जाता येत नसे.

१३/
त्या पिढीत केस वाढवणे ही केवळ हौस नव्हती. तो प्रस्थापितांविरुद्धचा उघड उद्गार होता. म्हणूनच जहाल विद्यार्थी संघटनांतील अनेकांना ही शरणागती वाटली. निवडणूक म्हणजे असंतोष जिरवण्याची व्यवस्थेची युक्ती, असे ते म्हणत. यावर स्वयंसेवकांचा हिशेब साधा होता. दार उघडणाऱ्याच्या नजरेला आधी केस पडले, तर पुढचे शब्द त्याच्या कानांपर्यंत पोहोचत नाहीत.

१४/
कामाची पद्धत अशी. मतदारयादीतून पक्षाच्या मतदारांची नावे उतरवून प्रत्येकाचे कार्ड करायचे. नकाशावर रस्ते वाटून घ्यायचे. प्रत्येक घरी जायचे, कल जाणून घ्यायचा आणि तो कार्डावर नोंदवायचा : आपला, त्यांचा, की कुंपणावरचा. कुंपणावरच्यांकडे पुन्हा जायचे. मतदानाच्या दिवशी आपल्या कार्डांवरच्या लोकांना आठवण करायची आणि गरज असेल त्याला गाडीतून केंद्रापर्यंत पोहोचवायचे.

१५/
सूचनांचे सार एका वाक्यात मावे : वाद घालू नका, ऐकून घ्या. विद्यापीठातील सभांत तावातावाने बोलायची सवय असलेल्या मुलांना हे सर्वांत कठीण गेले असेल. ज्या घरांवर ते थाप देत, त्यांतल्या अनेकांतला तरुण सैन्यात होता. तिथे युद्धाच्या नैतिकतेवर व्याख्यान देणे म्हणजे तोंडावर दार लावून घेणे. त्यापेक्षा 'युद्धाबद्दल तुम्हाला काय वाटते?' एवढाच प्रश्न विचारून थांबणे अधिक फळाला येई.

१६/
या गर्दीत वेलस्ली महाविद्यालयातली वीस वर्षांची एक विद्यार्थिनी होती. शिकागोजवळच्या रिपब्लिकन वळणाच्या घरातून ती आली होती आणि १९६४ मध्ये तिने जॉन्सन यांच्या विरोधी उमेदवाराचे काम केले होते. आता ती सुट्टीच्या दिवशी मँचेस्टरला येऊन पाकिटे भरी, दारोदार फिरे. मत द्यायला तिला अजून काही महिने अवकाश होता. तिचे नाव हिलरी रॉडम. पुढे जग तिला हिलरी क्लिंटन म्हणून ओळखू लागले.

१७/
दुसऱ्या बाजूला काय चालले होते? जॉन्सन यांनी आपले नाव मतपत्रिकेवर घालूच दिले नव्हते. राष्ट्राध्यक्ष युद्धाच्या कामात व्यग्र आहेत, हा देखावा ठेवायचा होता. त्यामुळे त्यांच्या समर्थकांना मतपत्रिकेवर हाताने त्यांचे नाव लिहावे लागणार होते. राज्याचे गव्हर्नर आणि एक सिनेटर या मोहिमेच्या अग्रभागी होते. संघटना, पैसा, पदे, सारे त्यांच्याकडे होते.

१८/
त्यांनी एक चूक केली. मतदारांकडून त्यांनी क्रमांक घातलेली प्रतिज्ञाकार्डे भरून घ्यायला सुरुवात केली. कार्डाचे तीन भाग. त्यांतला एक व्हाइट हाउसला जाणार. 'मी राष्ट्राध्यक्षांना मत देईन' हे सही करून लिहून द्यायचे. न्यू हॅम्पशायरच्या स्वाभिमानी माणसाला हे रुचले नाही. गुप्त मतदानाचे काय झाले, असा प्रश्न मॅकार्थींच्या गोटाने विचारला आणि तो लोकांना पटला.

१९/
दोन्ही बाजूंकडे कार्डेच होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. एका बाजूच्या कार्डावर मतदाराने सही करून स्वतःला बांधून घ्यायचे होते. दुसऱ्या बाजूच्या कार्डावर स्वयंसेवकाने मतदाराचे म्हणणे टिपायचे होते. शेवटच्या दिवसांत जॉन्सन समर्थकांनी जाहिरातींतून असेही सुचवले, की व्हिएतनाममधले कम्युनिस्ट या निवडणुकीकडे डोळे लावून बसले आहेत. पण दारात उभा असलेला, दाढी केलेला, अदबीने बोलणारा मुलगा शत्रूचा हस्तक वाटणे कठीण होते.

२०/
१० मार्चला, मतदानाच्या दोन दिवस आधी, 'न्यू यॉर्क टाइम्स'ने बातमी छापली : लष्कराने आणखी २,०६,००० सैनिकांची मागणी केली आहे. विजय जवळ आला असेल, तर आणखी दोन लाख माणसे कशाला हवीत? हा प्रश्न कोणत्याही स्वयंसेवकाने न विचारताच मतदाराच्या मनात आला.

२१/
१२ मार्चला मतदान झाले. जॉन्सन सुमारे ४९ टक्के, मॅकार्थी सुमारे ४२ टक्के. रिपब्लिकन मतपत्रिकांवर हाताने लिहिलेली नावे धरली, तर दोघांतले अंतर काही शे मतांवर येत होते. शिवाय जॉन्सन यांच्या बाजूने प्रतिनिधींच्या जागांपेक्षा अधिक उमेदवार उभे राहिल्याने त्यांची मते विभागली गेली. चोवीसपैकी वीस प्रतिनिधी मॅकार्थींना मिळाले. आकड्यांत जॉन्सन जिंकले होते. देशाने मात्र त्यांचा पराभव पाहिला.

२२/
पुढच्या घटना वेगाने घडल्या. १६ मार्चला रॉबर्ट केनेडी रिंगणात उतरले. बर्फ तुडवून वाट करणाऱ्या स्वयंसेवकांना ते वाट तयार झाल्यावर आलेले वाटले, आणि हा कडवटपणा अखेरपर्यंत टिकला. ३१ मार्चच्या रात्री जॉन्सन दूरचित्रवाणीवर आले. उत्तर व्हिएतनामच्या मोठ्या भागावरील बॉम्बफेक थांबवत असल्याचे त्यांनी सांगितले आणि भाषणाच्या शेवटी आपण पक्षाची उमेदवारी मागणार नाही व स्वीकारणारही नाही, असे जाहीर केले.

२३/
ही कथा इथे संपवली, तर ती फार सुबक होते. ती अनेकदा इथेच संपवली जाते. पण १९६९ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या वर्षीच्या मतदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. न्यू हॅम्पशायरमध्ये मॅकार्थींना मत देणाऱ्यांत एक अनपेक्षित गोष्ट आढळली. जॉन्सन युद्ध पुरेशा कठोरपणे लढत नाहीत म्हणून रागावलेले मतदार, माघारी फिरा म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त होते. प्रमाण जवळजवळ तीनास दोन.

२४/
म्हणजे दारावरच्या मुलाला युद्ध थांबायला हवे होते, आणि त्याला होकार देणाऱ्या अनेकांना ते जिंकायला हवे होते. मग स्वयंसेवक फसले का? तसे म्हणणे घाईचे होईल. 'वाद घालू नका' या सूचनेतच हे अंतर दडलेले होते. मतदाराची नाराजी कुठून आली आहे, याची उलटतपासणी त्यांनी केली नाही. ती एका नावामागे उभी केली. घरोघर प्रचाराचे बळ त्यात आहे आणि मर्यादाही त्यातच. स्वयंसेवक मत मिळवतो. त्या मताचा अर्थ त्याच्या हाती राहत नाही.

२५/
दुसरा धडा अधिक कठोर होता. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. जूनमध्ये कॅलिफोर्निया जिंकलेल्या रात्री रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. आणि या काळात उपराष्ट्राध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता प्रतिनिधी गोळा करीत होते. बहुसंख्य प्रतिनिधी प्रायमरीतून येतच नव्हते. ते राज्याराज्यांतले पक्षनेते ठरवत.

२६/
पेनसिल्व्हेनियाचे उदाहरण बोलके आहे. तिथल्या प्रायमरीत मॅकार्थींना सत्तर टक्क्यांहून अधिक मते पडली. राज्याच्या प्रतिनिधींपैकी बहुतेक मात्र हम्फ्रींकडे गेले. पुढे पक्षाच्याच आयोगाला आढळले, की १९६८ च्या महाअधिवेशनातील एक तृतीयांशाहून अधिक प्रतिनिधींची निवड ते वर्ष उजाडण्यापूर्वीच झाल्यासारखी होती. म्हणजे बर्फात पहिल्या दारावर थाप पडली, तेव्हा निकालाचा मोठा हिस्सा कपाटात बंद होता.

२७/
ऑगस्टअखेर शिकागोत महाअधिवेशन भरले. युद्ध थांबवण्याचा ठराव सुमारे १,५६८ विरुद्ध १,०४१ मतांनी फेटाळला गेला. हम्फ्रींना सुमारे १,७६० मते मिळाली, मॅकार्थींना ६०१. बाहेर रस्त्यावर पोलीस निदर्शकांना बेदम मारत होते आणि ते दृश्य देशभर दिसत होते. नंतरच्या चौकशी अहवालाने त्याला 'पोलिसांची दंगल' म्हटले.

२८/
३० ऑगस्टच्या पहाटे पोलीस कॉनरॅड हिल्टन हॉटेलच्या पंधराव्या मजल्यावर शिरले. तिथे मॅकार्थींचे तरुण कार्यकर्ते होते. खिडक्यांतून वस्तू फेकल्या जात आहेत, असे कारण पोलिसांनी दिले आणि कार्यकर्त्यांना खोल्यांतून बाहेर काढून मारहाण केली. केस कापून, दाढी करून, व्यवस्थेच्या दारावर रीतसर थाप देणाऱ्यांनाही शेवटी रस्त्यावरच्यांसारखाच लाठीचा प्रसाद मिळाला.

२९/
नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन रिचर्ड निक्सन एक टक्क्याहून कमी फरकाने जिंकले. मॅकार्थींनी हम्फ्रींना पाठिंबा दिला तो मतदानाच्या जेमतेम आठवडाभर आधी, तोही हातचे राखून. त्या विलंबाने किती मते गेली, हा वाद आजही मिटलेला नाही. अमेरिकी सैन्य व्हिएतनाममध्ये १९७३ पर्यंत राहिले. निक्सन सत्तेवर आल्यानंतर आणखी वीस हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले. व्हिएतनामी मृतांची संख्या त्याच्या कितीतरी पट. युद्ध थांबवायला निघालेल्यांच्या हाती युद्ध थांबवणे आले नाही.

३०/
मग हाती काय आले? पहिली गोष्ट, नियम. येल विद्यापीठातील कायद्याचा विद्यार्थी जेफ्री कोवन हा मॅकार्थींचा समर्थक. उमेदवारी हातून निसटताना दिसू लागताच त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रतिनिधी निवडीच्या पद्धतीवरच बोट ठेवले. महाअधिवेशनापूर्वी एक स्वतंत्र आयोग उभा करून त्यांनी तिच्यातले दोष मांडले. शिकागोच्या गदारोळात सुधारणेचा ठराव संमत झाला आणि त्यातून मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग निर्माण झाला. १९७२ पासून प्रतिनिधी निवडण्याचे काम मुख्यतः सामान्य मतदारांकडे आले. आजच्या प्रायमरींची साखळी या बदलातून घडली आहे.

३१/
दुसरी गोष्ट, मतदानाचे वय. १९७० मध्ये संसदेने कायदा करून ते १८ वर आणले. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला, की हा कायदा राष्ट्रीय निवडणुकांना लागू होईल, राज्यांच्या निवडणुकांना नाही. म्हणजे एकाच केंद्रावर दोन मतदारयाद्या. या खर्चिक गोंधळातून सुटण्याचा मार्ग घटनादुरुस्तीचा होता. मार्च १९७१ मध्ये सिनेटने ती ९४ विरुद्ध ० मतांनी संमत केली. १ जुलैपर्यंत आवश्यक तेवढ्या राज्यांची मान्यता मिळाली. एवढ्या वेगाने दुसरी कोणतीही घटनादुरुस्ती झालेली नाही.

३२/
या सव्विसाव्या घटनादुरुस्तीचे सारे श्रेय न्यू हॅम्पशायरच्या स्वयंसेवकांना देणे बरोबर होणार नाही. सिनेटर जेनिंग्ज रँडॉल्फ १९४२ पासून हा प्रस्ताव चिकाटीने मांडत होते आणि न्यायालयाच्या निर्णयाने घाई निर्माण केली होती. पण अठरा-वीस वर्षांची मुले राजकारणाला अपरिपक्व असतात, हा जुना आक्षेप १९६८ नंतर पूर्वीसारख्या आत्मविश्वासाने घेता येईना. याद्या, नकाशे आणि कार्डे सांभाळून त्यांनी एका राष्ट्राध्यक्षाला हादरवले होते.

३३/
हक्क मिळाला म्हणजे तो बजावला जातोच, असेही नाही. १९७२ मध्ये अठरा ते वीस वयोगटातील जेमतेम निम्म्यांनी मतदान केले. मोठ्या वयाच्या मतदारांपेक्षा हे प्रमाण बरेच कमी होते. त्या वर्षीचे डेमोक्रॅटिक उमेदवार मॅकगव्हर्न युद्धविरोधी होते, तरुण स्वयंसेवकांचे लाडके होते, आणि पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत हरले.

३४/
भारतातही घटनेच्या कलम ३२६ ने मतदानाचे वय २१ ठेवले होते. १९७७ मध्ये आणीबाणीनंतरच्या निवडणुकीत देशभर महाविद्यालयीन विद्यार्थी प्रचारात उतरले. त्यांच्यातल्या अनेकांना तेव्हा मत नव्हते. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने हे वय १८ झाले. ती २८ मार्च १९८९ पासून अमलात आली आणि त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत अठरा ते वीस वर्षांच्या भारतीयांनी प्रथमच मत दिले.

३५/
हिलरी क्लिंटन २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत उभ्या राहिल्या. प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांनी त्यांना मोठ्या फरकाने हरवले. त्यांच्यामागे तरुण मतदार आणि तरुण स्वयंसेवक लोटले होते. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी त्याच राज्यात दारोदार फिरलेली विद्यार्थिनी आता दाराच्या दुसऱ्या बाजूला होती.

३६/
शेवटी एक साधा हिशेब. मार्च १९६८ मध्ये जो स्वयंसेवक अठरा वर्षांचा होता, तो मार्च १९७१ पर्यंत एकवीस वर्षांचा झाला. घटनादुरुस्ती जुलै १९७१ मधली. म्हणजे त्या हिवाळ्यात दारे ठोठावणाऱ्या अठरा ते वीस वर्षांच्या मुलांपैकी एकालाही मत मिळण्यासाठी तिची गरज उरली नव्हती. जुन्या नियमानुसारच ते मतदार झाले होते. नव्या हक्काने मतदान केंद्रावर गेली ती त्यांची धाकटी भावंडे.